अडीच व्होल्टचा ओटा

"मिस्त्री कहाँ है?"

हा प्रश्न मी चौतीस वर्षं ऐकते आहे. गोंदियाच्या बाजारात आमचं दहा बाय बाराचं दुकान. डाव्या बाजूला आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, उजव्या बाजूला मी बाकी सगळं करते: रेडिओ, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, वजनकाटे, राइस मिलमधली कंट्रोल कार्डं. गिऱ्हाईक पायरी चढतं, माझ्याकडे बघतं, माझ्या हातातल्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नकडे बघतं आणि मग वळून ह्यांना विचारतं, "भैया, मिस्त्री कहाँ है?" हे डोळ्याचं भिंग न काढता अंगठ्याने माझी बाजू दाखवतात. मी म्हणते, "सामने बैठी है."

काही जण हसतात, काही ओशाळतात. एका राइस मिलचे मुनीमजी तर "अच्छा अच्छा, फिर आता हूँ" म्हणत पेटी पुन्हा बगलेत मारून चालते झाले. बाजारातली तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराने त्यांना माझ्याचकडे पाठवलं. मी म्हटलं, "आइए मुनीमजी, मिस्त्री अभी भी यहीं बैठी है." त्यानंतर त्यांच्या मिलचं एकही कार्ड दुसरीकडे गेलं नाही. हे सांगताना मला अजून गुदगुल्या होतात, खोटं कशाला बोलू!

आयटीआयच्या आमच्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी. "बाईच्या हातची दुरुस्ती, किती दिवस टिकणार?" हे ऐकून ऐकून मी एक हट्ट धरला होता. माझ्या हातून गेलेली वस्तू माझ्या चुकीमुळे दुकानात परत येता कामा नये. तो हट्ट मागच्या हंगामात मोडला. तीच हकिकत सांगायची आहे, पण त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. भिऊ नका, गणित नाही.

सडक अर्जुनीच्या हायवेवरचा एक ढाबेवाला एकदा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. सोबत पोत्यात जळलेले तीन स्पीकर. त्याच्या मते सगळा दोष ट्रक ड्रायव्हरांचा. जेवायला बसले की गाणं जोरात लावायला सांगतात, म्हणून स्पीकर जळतात. मी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि स्पीकरच्या जागी मीटरच्या दोन वायरी टेकवल्या.

"अरे, गाना तो लगाओ!" तो म्हणाला.

"गाणं नसतानाच तर बघायचं आहे," मी म्हटलं.

मीटरवर अकरा व्होल्ट. गाणं नाही, आवाज नाही, तरी अकरा व्होल्ट ठाण मांडून बसलेले. आता बघा, सिग्नल म्हणजे हालचाल. विजेचा दाब वर जातो, खाली येतो आणि त्या वर-खाली होण्यात गाणं असतं. पण ही हालचाल कुठल्या तरी एका पातळीच्या आजूबाजूला होते. त्या पातळीला आम्ही डीसी लेव्हल म्हणतो. स्पीकरला ती शून्य लागते. अकरा व्होल्ट म्हणजे बिचाऱ्याचा पडदा सारखा एकाच बाजूला ढकलून धरलेला, आतली तार तापून तापून जळणार नाही तर काय करणार! आतला एक ट्रान्झिस्टर गेला होता, तो बदलला. ढाबेवाला हायवेभर सांगत सुटला, की गोंदियात एक बाई आहे, ती गाणं न लावता गाणं तपासते. त्या जाहिरातीवर माझी दोन वर्षं मजेत गेली.

तर कधी ही पातळी काढून टाकायची असते आणि कधी मुद्दाम द्यायची असते. मुद्दाम द्यायच्या कामात मी माती खाल्ली.

कामठ्याच्या पलीकडच्या एका गावात सोसायटीचं धान खरेदी केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. दिवाळीनंतर धान निघतं, चुरलं म्हणजे मळलं जातं, आणि ट्रॅक्टर भरभरून केंद्रावर येतं. तिथे आधी ओलावा मोजतात. मूठभर दाणे ओलावा-मापकाच्या भांड्यात टाकायचे, झाकण आवळायचं आणि आकडा वाचायचा. सतरा टक्क्यांपर्यंत ठीक. सतराच्या वर गेला की धान परत न्या, वाळवा, मग आणा. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल त्या एका आकड्यावर लागतो, म्हणून तो आकडा सांगणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचे डोळे असतात.

त्या केंद्रावर आकडा सांगायचं काम गेल्या हंगामात प्रज्ञा मेश्राम नावाच्या मुलीला मिळालं. बी.एस्सी. झालेली, त्याच गावची, सव्वीस वर्षांची. त्या सोसायटीत या कामावर याआधी बाईमाणूस कधीच नव्हतं. हंगामापुरतीच नेमणूक, पण काम चांगलं झालं तर कायम करू, असं तिला सांगितलेलं.

हंगाम सुरू व्हायच्या चार दिवस आधी सोसायटीचे सेक्रेटरी टेंभरे भाऊ ओलावा-मापक घेऊन माझ्याकडे आले. जुनं, काट्याचं मशीन. काटा अडकून बसलेला.

"वहिनी, काही करा. नवीन मशीन मागवली आहे, पण येईल तेव्हा येईल. सोमवारपासून धान येणार."

मशीन उघडलं. आतलं सगळं ठणठणीत होतं, फक्त काट्याचं घर गंजलेलं. तसा काटा आता कुठे मिळतो? मी म्हटलं, काटा काढून आकडे दाखवणारा डिस्प्ले बसवून देते. टेंभरे खूश. "डिजिटल!" म्हणाले, जणू मी त्यांना मोटारगाडीच देणार होते.

इथे तो पातळीचा प्रश्न आला. जुन्या मशीनमध्ये दोन बॅटऱ्या होत्या, एक शून्याच्या वरचा दाब देणारी, दुसरी खालचा. धान कोरडं असलं की सिग्नल शून्याच्या एका बाजूला जाणार, ओलं असलं की दुसऱ्या बाजूला. काट्याला चालतं, तो दोन्हीकडे झुकतो. नव्या डिस्प्लेला मात्र फक्त शून्य ते पाच व्होल्टच कळतात. शून्याच्या खाली काही गेलं की त्याला दिसतच नाही.

समजा, भिंतीपलीकडे एक पोरगी झोका घेते आहे. झोका वर गेला की तिचं डोकं दिसतं, खाली आला की भिंतीआड गडप. तुम्हाला ती सारखी दिसायला हवी, तर काय कराल? भिंत पाडता येत नाही. मग झोकाच एका उंच ओट्यावर नेऊन बांधायचा. पोरगी तितकीच वर-खाली होणार, पण सगळीच्या सगळी भिंतीवरून दिसणार. आमच्या धंद्यात याला लेव्हल शिफ्ट म्हणतात, ते काम ऑप-अँप करतो. आठ पायांची काळी चिप, नखाएवढी. एका पायाला सिग्नल द्यायचा, दुसऱ्या पायाला ओट्याची उंची, म्हणजे रेफरन्स, सांगायची. मी उंची ठेवली अडीच व्होल्ट, म्हणजे शून्य आणि पाचच्या बरोबर मध्ये. माझ्या जोडणीत सिग्नल उलटा होऊन निघत होता, धान जितकं ओलं तितका दाब खाली. त्याचं काही नाही, डिस्प्लेला तसंच शिकवून ठेवलं.

आता हे अडीच व्होल्ट आणायचे कुठून? शहाण्या माणसाने त्यासाठी तीन पायांची एक वेगळी चिप वापरावी. बॅटरी कितीही उतरो, ती अडीच म्हणजे अडीचच देते. माझ्या डबीत ती संपली होती. नागपूरहून मागवली असती तर एक-दोन दिवस गेले असते. टेंभरे समोर बसून पाय हलवत होते. मी विचार केला, एवढ्याने काय होतं? बॅटरीच्या मध्ये दोन रेझिस्टर लावले, दाब वाटून घेतला, मीटरने मोजला, बरोबर अडीच. माझ्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवर दिवसभर मशीन चालवून पाहिलं. आकडा दगडासारखा स्थिर. टेंभरे मशीन घेऊन गेले, आणि मी हात धुऊन चहा घेतला.

तीन आठवड्यांनी एक मुलगी पायरी चढली. उन्हाने रापलेला चेहरा, खांद्याला पिशवी. हिने मात्र ह्यांच्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काकू, ओलाव्याची मशीन तुम्हीच बनवली ना? मी प्रज्ञा मेश्राम."

"हो. काय झालं?"

"ती खोटं बोलून राहिली."

माझं डोकंच फिरलं. चौतीस वर्षांत कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही पोरी, माणसं बोलतात. भांडं नीट पुसतेस का? झाकण सारखंच आवळतेस का? उन्हात ठेवतेस काय मशीन?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक वही काढली आणि एक छोटा स्टीलचा डबा. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेली. तिने सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत गेले.

केंद्रावर सकाळी त्याच गावचे शेतकरी पोचतात, कारण ते जवळ राहतात. नदीपलीकडच्या टोल्यांचे, म्हणजे वस्त्यांचे ट्रॅक्टर पोचता पोचता दुपार होते. गेले दोन आठवडे असं होत होतं, की सकाळचं धान सतराच्या आत निघायचं आणि दुपारचं बाहेर. गावचं पास, नदीपलीकडचं नापास. दोन-चार दिवस लोकांनी सोसलं. मग कुजबुज सुरू झाली, आणि मग उघड बोलणं. पोरगी आपल्या गावाची बाजू घेते. कुणी म्हणालं, पैसे खाते. कुणी तिची जात काढली. धनलालबाबा म्हणून नदीपलीकडचे एक म्हातारे आहेत. त्यांचं धान दोनदा परत गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "बाईच्या हाती मशीन देल्ली, तवाच मी बोललो होतो!"

"मी काय करू, काकू? जो आकडा दिसते तोच सांगतो मी," प्रज्ञा म्हणाली. आमच्याकडे पोरीही घाईत 'सांगतो' म्हणून जातात. ती रडली मात्र नाही. "मग मी हा डबा केला. एकाच पोत्यातलं धान भरलं, पक्कं बंद केलं. दर तासाला त्यातलेच दाणे मोजायचे, वापस टाकायचे, पट्टी लावायची. धान तेच, भांडं तेच, हात तेच."

वही उघडली. चार दिवसांचे आकडे. सकाळी नऊला साडेसोळा. अकराला पावणेसतरा. एकला सतराच्या वर. तीनला अठराच्या पुढे. चारही दिवस तसंच, पायऱ्या चढल्यासारखं. चिकटपट्टीच्या आतलं धान दुपारी आपोआप ओलं कसं होईल? 

तरी ताठा जातो का? मशीन सोबत आणली होती तिने. मी ती माझ्या पॉवर सप्लायला जोडली, डब्यातले दाणे टाकले. साडेसोळा. तिला समोर बसवून ठेवलं, चहा दिला, दुसरी कामं केली. एक तासाने पुन्हा साडेसोळा. दुपारी तीन वाजता पुन्हा साडेसोळा. मी विजयाने तिच्याकडे बघितलं. "बघ! माझं मशीन हललं का?"

तिने टेबलाखालच्या वायरीकडे बोट दाखवलं.

"काकू, इथे लाइटवर आहे. आमच्याकडे बॅटरीवर चालते."

बस! झालं. पुढचं तिने बोलायची गरजच नव्हती. केंद्रावर टिनाचं शेड, तिथे प्लग नाही. सकाळी भरलेल्या बॅटऱ्या घेऊन जायच्या, दिवसभर वापरायच्या. दुपारपर्यंत बॅटरी थोडी उतरणार. माझे अडीच व्होल्ट बॅटरीतूनच वाटून घेतलेले, म्हणजे बॅटरीसोबत तेही उतरणार. ज्या ओट्यावर मी झोका बांधला होता, तो ओटाच दुपारी खचत होता. दाब खाली गेला की डिस्प्ले म्हणणार, धान ओलं! पोरगी तिच्याच जागी होती, धान त्याच्याच जागी होतं, खाली गेली होती ती माझी पातळी.

मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले, की वस्तू जिथे वापरायची तिथल्यासारखी तपासा. मिलचं कार्ड मी धूळ उडवून तपासते. आणि हे बॅटरीचं मशीन मी लाइटवर तपासलं. कपाळाला हात लावला मी. ही चूक आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराने केली असती, तर मी त्याला अंगठे धरून उभं केलं असतं.

तीन पायांची चिप मी तेव्हाच नागपूरच्या माणसाला फोन करून मागवली. दुसऱ्या दिवशी बसने आली. रेझिस्टरवालं कार्ड काढून ठेवलं, चिपचं नवं कार्ड बनवून बसवलं, भरलेल्या बॅटरीवर आणि उतरलेल्या बॅटरीवर दोन्हीकडे तपासलं. साडेसोळा आणि साडेसोळा. टेंभरे भाऊंना फोन केला, सगळं खरं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही गुपचूप बसवून द्या. शनिवारी सभा आहे, तोवर खरेदी बंदच ठेवली आहे. लोक तापलेले आहेत. मी सांगतो, मशीन जुनी होती, आता ठीक झाली. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"आणि प्रज्ञा?"

"आता तिच्यावर लोकांचा विश्वास राहिला नाही ना. तिला काढावं लागेल. पुढे पाहू."

फोन ठेवला. खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. नाव मध्ये येणार नाही! मग दुकानात बसल्या बसल्या ते सुटणं मला टोचायला लागलं. मशीन जुनी होती म्हटलं, तर लोक विचारणारच, की मग जुन्या मशीनला फक्त आमचंच धान कसं ओलं दिसलं? पोरगी मेलीच तिथे. तिच्यावरचा डाग एकाच गोष्टीने जाणार होता, दुपारीच का, हे कुणीतरी उभं राहून सांगितलं तर. आणि ते सांगायचं म्हणजे "बाईच्या हातची दुरुस्ती" हे वाक्य मी माझ्याच तोंडाने शंभर माणसांसमोर खरं करायचं. ज्या वाक्याशी मी जन्मभर भांडले, ते!

मी ह्यांना म्हटलं, "काय करू?"

हे एका जुन्या घड्याळात डोकं घालून होते. म्हणाले, "माझं घड्याळ मागे पडलं आणि गिऱ्हाइकाची गाडी चुकली, तर मी त्याला काय सांगू? गाडीच लवकर सुटली म्हणून?" आणि पुन्हा भिंग लावलं. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, पण एखादं असं बोलतो की झोप उडते.

शनिवारी सकाळी मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून केंद्रावर गेले. मांडीवर मशीन, पिशवीत जुनं कार्ड आणि बॅटऱ्यांचे दोन संच. शेडमध्ये ताडपत्री अंथरलेली, गावचे एकीकडे, नदीपलीकडचे दुसरीकडे. प्रज्ञा कोपऱ्यात वजनकाट्याजवळ उभी होती. टेंभरे मला बघून उठले, हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कायले आल्या?"

मी सरळ पुढे गेले.  मशीन टेबलावर ठेवलं, माझं जुनं कार्ड पुन्हा त्यात बसवलं आणि म्हटलं, "धनलालबाबा कोण? पुढे या."

उंच, वाळलेले, डोक्याला गमछा. आले आणि उभे राहिले, हाताची घडी घालून.

"बाबा, धान वाळलं की नाही, हे तुम्ही घरी कसं बघता?"

"कसं म्हंजे? दाताखाली धरतो. कट्ट वाजलं का वाळलं."

प्रज्ञाचा डबा मागवला, पट्टी काढली, दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. सगळी सभा त्यांच्या दातांकडे बघत राहिली. कट्ट. पुन्हा कट्ट.

"वाळलं आहे. सोळा, साडेसोळा."

मी भरलेल्या बॅटऱ्या लावल्या, त्याच डब्यातले दाणे भांड्यात टाकले. "वाचा कुणीतरी." गावच्या एकाने पुढे येऊन मोठ्याने वाचलं, "सोळा पॉइंट पाच." मग त्या बॅटऱ्या काढल्या आणि दिवसभर वापरून उतरलेल्या लावल्या. तेच दाणे, तेच भांडं. "आता नदीपलीकडचा कुणीतरी वाचा."

"अठरा पॉइंट दोन!" तो ओरडला. "बाप्पा! हे तर दुपारचा आकडा होय!"

एकच गलका झाला. मी हात वर केला. "हा तुमच्या दुपारचा आकडा आहे. सकाळी बॅटरी भरलेली असते, दुपारी उतरते. बॅटरी उतरली की हे कार्ड कोरडं धान ओलं सांगतं. या पोरीने कुणाची बाजू घेतली नाही. ती समोर दिसला तोच आकडा सांगत होती. उलट, चूक शोधली तीच तिने, दर तासाला हा डबा मोजून."

"मंग हे कार्ड बनवलं कोनं?" धनलालबाबांनी विचारलं.

आला. चौतीस वर्षं ज्याची भीती होती, तो प्रश्न आला.

"मीच," मी म्हटलं. "घाई केली. एक चिप हाताशी नव्हती, तर तिच्याशिवाय भागवलं. बॅटरीवरचं मशीन लाइटवर तपासलं. तुमचे ट्रॅक्टर माझ्यामुळे परत गेले. चूक माझी आहे, माझ्या एकटीची."

 मला वाटलं, आता येईल ते वाक्य. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

धनलालबाबांनी तोंडातलं टरफल बाजूला थुंकलं. "दोन खेपा वापस नेलं मी. दोन दिस उन्हात वाळत घातलं, मंग आणलं तर तांदूळ तुटून राहिला होता." माझी मान खाली गेली.  जास्त वाळवलेलं धान भरडताना तुटतं, हे गोंदियाच्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही.

मग ते म्हणाले, "पन बाई, तुम्ही सांगतल्या काऊन? गप राहिल्या असत्या तर कोनाले कळलं असतं?"

मी प्रज्ञाकडे बोट केलं. "तिला कळलं होतं ना."

बाबा वळले.  मग चालत तिच्यापाशी गेले. डब्यातले उरलेले दाणे अजून त्यांच्या मुठीत होते, ते त्यांनी तिच्या ओंजळीत ओतले.

"धर माय. मी लय बोललो तुले. माहं बाकीचं धान उद्या दुपारी येते. तूच मोज. दुसऱ्या कोनी हात लावला तर ट्रॅक्टर उतरवू देत नाही मी!"

तेव्हा ती रडली. आणि मीही रडले, लपवत नाही. आमचे हे स्कूटरपाशी उभे राहून उगाच आरसा पुसत होते.

नवं कार्ड मी तिथेच, सगळ्यांसमोर बसवलं. टेंभरे भाऊंनी माइक हातात घेऊन "पारदर्शकता" या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं, ते सोडून देऊ. प्रज्ञाने तो हंगाम पुरा केला, आणि या वर्षी ती कायम झाली आहे. नवीन मशीन आली, तरी तिचा डबा टेबलावरून हलला नाही. दर तासाला मोजते. धनलालबाबा केंद्रावर आले की आधी दाणा चावून आकडा ओरडतात, मग ती मशीन लावते. कुणाचं बरोबर निघालं यावर शेडमध्ये चहाच्या पैजा लागतात. मी विचारलं, जास्त कोण जिंकतं? म्हणाली, "काकू, त्यांचा एक दात पडला, तेव्हापासून मी."

मला भीती होती, की माझ्या दुकानाची पायरी आता कुणी चढणार नाही. झालं उलटंच. नदीपलीकडून पंखे, पंपाचे स्टार्टर, भजनाचे अ‍ॅम्प्लिफायर असं काय काय येऊ लागलं. एक जण म्हणाला, "चुकलं तर सांगते तरी, दुसरे तर वरून भांडते."

ते जुनं कार्ड मी फेकलं नाही. दुकानात माझ्या टेबलाच्या वर, जिथे आयटीआयचं सर्टिफिकेट लावलेलं आहे, त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलं आहे. काही लिहिलेलं नाही त्याच्यावर. रोज सकाळी सोल्डरिंग आयर्न तापत असताना ते समोर दिसतं, एवढं पुरतं.

परवा एका मिलचा नवा इंजिनिअर आला. पॉलिश केलेले बूट, गळ्यात ओळखपत्र. मी त्याचं कार्ड तपासत होते, तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली. जवळ जाऊन चष्मा वर केला, निरखून बघितलं आणि खो-खो हसायला लागला.

"अरे! लेव्हल शिफ्ट का रेफरन्स सीधा बॅटरी से? दो रेझिस्टर लगाके? ये किस मिस्त्री ने किया है?"

आमच्या ह्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं आणि सवयीने अंगठा उचलला. मी मानेनेच म्हटलं, राहू द्या, याचं उत्तर मी देते.

"सामने बैठी है."